वाव

नववीच्या वर्गात मी फळ्यावर 'फॅदम' हा शब्द लिहिला आणि त्यापुढे लिहिलं, सहा फूट. समुद्राची खोली मोजायचं माप. मुलांनी माना खाली घालून वहीत उतरवून घेतलं. आम्ही हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' वाचत होतो. म्हातारा सांतियागो पहाटेच्या अंधारात होडी वल्हवत खोल पाण्यात जातो आणि चार गळ चार वेगवेगळ्या खोलींवर सोडतो. पहिला 40 फॅदमवर, दुसरा 75 वर, तिसरा 100 वर आणि चौथा 125 वर. मी गुणाकार मांडत होते. 125 गुणिले 6, म्हणजे साडेसातशे फूट.

शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. वर्षभरात तो स्वतःहून एकदाही बोलला नव्हता. त्याने दोन्ही हात आडवे ताणून धरले, या बोटांच्या टोकापासून त्या बोटांच्या टोकापर्यंत, आणि म्हणाला, "बाई, म्हणजे वाव. आमचो बापूस दोर वावानच मोजता."

मग त्याने नसलेला दोर माझ्यासमोर मोजून दाखवला. डाव्या हातात टोक धरायचं, उजवा हात ताणत न्यायचा, छाती पुढे काढायची, एक. दोर सरकवायचा, पुन्हा ताणायचा, दोन. सहा फुटांचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. माणसाच्या दोन हातांत मावेल तेवढं अंतर. घरी जाऊन मी इंग्रजी शब्दाचं मूळ शोधलं. 'फॅदम' हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला, त्याचा अर्थच पसरलेले बाहू असा आहे. म्हणजे मी फळ्यावर लिहिलेलं सहा फूट हे नंतरचं. आधी होता तो एक माणूस, होडीत उभा राहून हात पसरलेला. तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर होता आणि मी त्याला गुणाकार शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं तेव्हा तो मुलगा काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून तो दुसऱ्या बाकावर येऊन बसायला लागला.

आमची शाळा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, देवगड आणि मालवणच्या मधल्या एका गावात. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि व्हरांड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाडी समुद्राला मिळते ती जागा दिसते. चोवीस वर्षं मी इथे इंग्रजी शिकवते आहे, आठवीपासून बारावीपर्यंत. मुलं येतात ती खालच्या वाड्यांतून. कुणाचा बाप मच्छीमारी करतो, कुणाचा आंब्याच्या बागेत राखणीला, कुणाचा मुंबईला. घरी सगळी मालवणी बोलतात. शाळेत आली की प्रमाण मराठी. आणि माझ्या तासाला इंग्रजी. म्हणजे सड्याची घाटी चढून वर्गात येईपर्यंत ती दोन भाषा ओलांडून येतात, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली. मला वाटायचं, मुलांची मातृभाषा मराठी, परकी भाषा इंग्रजी, आणि मी मधला पूल.

सुरुवातीची आठ-दहा वर्षं माझी पद्धत ठरलेली होती. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, पुढचं वाक्य. धडा संपला की प्रश्नोत्तरं. कविता असेल तर मध्यवर्ती कल्पना पाच ओळींत. मुलं गाईडमधून तेच पाठ करायची आणि माझ्या तोंडून ऐकलेलं गाईडशी जुळलं की त्यांना हायसं वाटायचं. ते पास व्हायचे. मला कुणी नाव ठेवलं नाही. पण वर्षाच्या शेवटी एखाद्या मुलाला विचारलं की यंदा वाचलेल्यातलं तुला काय आठवतं, तर तो प्रश्न क्रमांक सांगायचा.

पुस्तकाबाहेरचं मोठं साहित्य मी वाचायला घेतलं ते शनिवारच्या सकाळच्या शाळेत. शेवटचा तास मोकळा असायचा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, एवढंच सांगितलं की पोर्शन मागे पडता कामा नये. पोर्शन मागे पडला नाही. पालकांपैकी काही जण भेटून म्हणाले, बाई, त्यापेक्षा बोलायला शिकवा, तारकर्लीला पर्यटक येतात, हॉटेलात, स्कूबाला पोरं लागतात. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि ते मी सोमवार ते शुक्रवार करते. शनिवार मी माझ्याकडे ठेवला, आणि तो कुणाला द्यायला मी तयार नाही.

संक्षिप्त आवृत्त्या मी आणून पाहिल्या. मोठ्या टायपातल्या, चित्रांच्या, शेवटी शब्दार्थ दिलेल्या. गोष्ट कळते त्यांतून, पण नुसतीच गोष्ट कळते. ज्याने ते लिहिलं तो माणूस त्यांत भेटत नाही. पाचशे पानांची कादंबरी नववीच्या मुलांकडून मुळातून वाचून घेणं शक्य नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून मी एक ठरवलं. गोष्ट मी तोंडाने सांगायची, आमच्या आजीने सांगितली असती तशी. आणि एकच प्रकरण, नाहीतर एकच प्रसंग, पूर्ण मुळातला वाचायचा, एकही वाक्य न गाळता, झेरॉक्स प्रत प्रत्येकाच्या हातात. अडलं तर अडू द्यायचं. एका वाक्यावर अर्धा तास गेला तरी चालेल.

हेमिंग्वेचं पुस्तक जुलैत वाचण्याचं कारण साधं होतं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बाप घरी जाळी शिवत बसलेले असतात. मुलांना काही विचारायचं झालं तर घरी विचारता येतं. आणि त्यांनी विचारलं. 84 दिवस मासा नाही, हे मी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, डिझेल कोण देता?" मी सांगितलं, इंजिन नाही, वल्ही आहेत आणि एक शीड आहे, त्या शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळं लावलेली आहेत. वर्गात हळहळ पसरली. ठिगळांच्या शिडाने जे काम केलं ते मी 'दारिद्र्य' शब्दाने दहा वर्षं करू पाहत होते.

मनोलिन नावाचा मुलगा म्हाताऱ्याबरोबर जायचा. 40 दिवस काही मिळालं नाही तेव्हा आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं. गाईडच्या भाषेत हे म्हाताऱ्याचं एकाकीपण. माझ्या वर्गाने आईबापांची बाजू घेतली. एका मुलीने उठून सांगितलं की तिच्या काकाने असंच केलं होतं, ज्या तांडेलाबरोबर, म्हणजे बोटीच्या म्होरक्याबरोबर, पंधरा वर्षं खलाशी म्हणून गेला त्याला सोडून दुसऱ्या बोटीवर गेला, आणि अजून त्या तांडेलाच्या घरावरून जाताना तो मान खाली घालतो. ती बसली. मी पुढे काही बोलले नाही. त्या पुस्तकातला मुलगा तरीही म्हाताऱ्याला कॉफी आणि जेवण का आणून देतो, हे आता मी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण तिचा उलटा अर्थ लगेच निघतो. मुलांच्या आयुष्याशी जुळतं तेवढंच शिकवावं, असं माझं मत नाही. कोळ्याच्या मुलाला कोळ्याचीच गोष्ट द्यायची हा त्याच्यावर अन्याय आहे. माझा अनुभव असा की वाक्य जर नीट वाचलं, अगदी त्यातल्या शब्दांच्या जागेसकट, तर कुठली ना कुठली वाट निघते आणि ती बहुतेक वेळा मी ठरवलेली नसते.

शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चा उतारा अकरावीच्या युवकभारती या पाठ्यपुस्तकात आहे. मी त्याआधी पहिल्या अंकातला तो प्रसंग वाचते, ज्यात सुतार, विणकर, शिंपी, कल्हईवाला असे गावातले कारागीर राजाच्या लग्नात नाटक करायचं म्हणून जमतात आणि भूमिका वाटतात. लोहाराचे भाते दुरुस्त करणारा फ्लूट, त्याला नायिकेचं काम येतं, आणि तो म्हणतो, मला बाईचं काम देऊ नका, मला दाढी येते आहे. हा प्रसंग जगात कुठेही वाचला तरी मुलं हसतात. आमच्याकडे मात्र हसण्याआधी एक मुलगा म्हणाला, दाढी करून रंग लावायचा, त्यात काय. त्याचा मामा दशावतारी कंपनीत राणीची कामं करतो.

मग तो तास त्याचाच झाला. देवळासमोरचं अंगण, एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तोच रथ. पेटीवाला, मृदंगवाला आणि झांजवाला कडेला बसलेले. संहिता छापलेली नाही, कथा ठरलेली, संवाद उभ्या जागी रचायचे. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं दशावतारी नटाबद्दल आमच्याकडे म्हणतातच. मी त्याला जोडून एवढंच सांगितलं की लंडनमधल्या ग्लोब थिएटरात, 1599 साली ते उभं राहिलं, तिथेही बायकांची कामं मुलगेच करायचे, पडदे-देखावे नव्हते, भर दुपारी उघड्या आभाळाखाली नट म्हणायचा, रात्र झाली, आणि लोकांनी ती मानायची. मुलांना हे सांगावं लागलं नाही की शेक्सपिअरची पात्रं एवढं का बोलतात. देखावा नसला की तो बोलूनच उभा करावा लागतो, हे जत्रेत रात्र जागवलेल्या माणसाला ठाऊक असतं.

'द टेम्पेस्ट'चा पहिला प्रसंगही असाच. तौक्ते वादळ मे 2021 मध्ये आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा शाळेच्या दोन वर्गांची कौलं उडाली आणि शाळेमागचा जुना फणस मुळासकट पडला. पुढच्या वर्षी आम्ही ते प्रवेशापुरतं वाचलं. वादळात सापडलेलं जहाज, वर राजा आणि सरदार, आणि त्यांना खाली जा म्हणून ओरडणारा जहाजावरचा मुकादम. तो सांगतो, या लाटांना राजाच्या नावाची काय पर्वा? या वाक्यानंतर वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. सगळ्यांनी ती लाट पाहिलेली होती. मग मी मंगेश पाडगावकरांनी केलेलं याच नाटकाचं भाषांतर वाचून दाखवलं, 'वादळ'. पाडगावकर जन्मले वेंगुर्ल्याला. 'किंग लिअर' मराठीत आणणारे विंदा करंदीकर याच जिल्ह्यातले, बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेले. सुनीत हा इंग्रजी काव्यप्रकार मराठीत आणणारे केशवसुत मालगुंडचे, तेही शाळामास्तर. दादरहून सावंतवाडीला येणाऱ्या ज्या तुतारी एक्सप्रेसने आमच्या मुलांचे बाप गणपतीला घरी येतात, तिचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलं आहे. मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मला सांगावंसं वाटतं, कारण इंग्रजीतलं मोठं साहित्य ही कुणा दुसऱ्याच्या घरची वस्तू आहे अशी भीती त्यांच्या मनात असते, आणि याच किनाऱ्यावरच्या माणसांनी ती वस्तू कधीच घरात आणून वापरली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मी तीन वेळा शिकवली, तीन वेगवेगळ्या वर्षी. ही कादंबरी डिसेंबर 1860 पासून ऑगस्ट 1861 पर्यंत एका साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी छापून येत होती, म्हणून शनिवारी शनिवारी सांगायला ती फार जुळते. पिप हा अनाथ मुलगा. मोठ्या बहिणीने वाढवलेला, म्हणजे खरं तर मारून-झोडून मोठा केलेला. तिचा नवरा ज्यो लोहार आहे. त्या घरात पिपवर माया करणारा तो एकटाच. पुढे पिपला कुणा अज्ञात माणसाकडून पैसा मिळतो आणि तो साहेब व्हायला लंडनला जातो. सत्ताविसाव्या प्रकरणात ज्यो त्याला भेटायला लंडनला येतो. मी मुळातून वाचायला घेते ते हे प्रकरण.

पिपला तो यायला नको असतो. पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी पैसे दिले असते, असं तो स्वतः कबूल करतो. जिन्यावर ज्योचे बूट वाजतात. ठेवणीतले बूट, मापापेक्षा मोठे. दाराशी तो इतका वेळ पाय पुसतो की पिपला वाटतं, हा आत येणारच नाही. डोक्यावरची हॅट काढून दोन्ही हातांत धरतो, अंडी असलेलं घरटं धरावं तशी. मग ती शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवतो आणि ती पडत राहते, तो उचलत राहतो. खाताना त्याच्या हातून जेवढं पोटात जातं त्याहून जास्त खाली सांडतं. आणि तो पिपला, ज्याला त्याने भट्टीशेजारी बसवून वाढवलं त्या पिपला, 'सर' म्हणतो. मध्येच 'पिप' म्हणतो, की लगेच 'सर'.

पहिल्या दोन वेळा मी हे कसं शिकवलं ते मला स्वच्छ आठवतं. 'सर'साठी मी मराठीत 'आपण' वापरलं. "आपण बरे आहात ना?" असं ज्यो म्हणतो, असं मी वर्गाला सांगितलं. फळ्यावर लिहून दिलं, वर्गभेद, कृतघ्नपणा, साधेपणाचं मोठेपण. मुलांनी उतरवून घेतलं. प्रकरण संपलं, घंटा झाली, मुलं दप्तरं उचलून गेली. एवढं चांगलं प्रकरण आणि वर्ग कोरडा राहिला, याचं मला वाईट वाटलं, आणि दोष मी मुलांना दिला. म्हटलं, वाचनाची सवय नाही.

तिसऱ्या वेळी मी भाषांतर केलं नाही. घसा बसला होता म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. मुलांनाच सांगितलं, चौघांचे गट करा आणि ज्योचं बोलणं तुमच्या शब्दांत लिहा. एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिचा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी मुंबईला बँकेत लागला होता, हे मला माहीत होतं. तिने माझी जुनी टिपणं कुणाच्या तरी वहीतून पाहिली असावीत. ती म्हणाली, "बाई, ज्यो 'आपण' म्हणाचो नाय."

मी विचारलं, मग काय म्हणेल?

"तो 'तुमी' म्हणतलो. आमच्या आजोबान दादाक पयल्यांदा 'बसा' म्हटल्यान, तसा."

दादा पहिला पगार घेऊन चतुर्थीला घरी आला, लोट्यावर पाय धुवून ओसरीवर आला, आणि आजोबा, ज्यांनी त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा." घरातले सगळे हसले. दादा हसला नाही. तिने हे एवढंच सांगितलं.

मी खुर्चीवर बसून राहिले. इंग्रजीत 'यू' एकच. तिथे तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. त्यामुळे ज्योला सगळं त्या एका 'सर'मध्ये घालावं लागलं. आणि मी काय केलं, तर त्या 'सर'ला व्याख्यानात वापरतात तसं 'आपण' नेसवलं. सड्याखालच्या कुठल्याही वाडीत कुणी कुणाला 'आपण' म्हणत नाही. मुलांसाठी ते वाक्य इंग्रजीइतकंच परकं होतं. मी स्वतःला पूल समजत होते आणि माझ्या प्रमाण मराठीने दोन्ही काठांमध्ये आणखी एक खाडी आणून सोडली होती.

मग सगळ्या वर्गाने मिळून ते प्रकरण मालवणीत करायला घेतलं. तीन शनिवार गेले. ज्यो पिपला सारखं 'ओल्ड चॅप' म्हणतो, त्यावरच एक अख्खा तास झाला. एक जण म्हणाला, 'मेल्या'. हसू फुटलं, पण तो गंभीर होता, त्याचे काका त्याला प्रेमाने तसंच हाक मारतात. दुसऱ्याने 'मित्रा' सुचवलं, ते कुणालाच आवडलं नाही, टीव्हीवरचं वाटतं म्हणाले. मग ज्यो पिपचा नात्याने कोण लागतो यावर वाद झाला. बहिणीचा नवरा म्हणजे भावोजी. पण पिप त्याला नावानेच हाक मारतो आणि ज्यो त्याला लहानपणापासून बरोबरीचा मानतो. शेवटी ती मुलगी म्हणाली, 'झिला', म्हणजे मुला. पोटचा नसला तरी वाढवलेला. ठरलं. 'रे झिला.'

शेवटच्या पानावर ज्यो निघतो. पिप विचारतो, जेवायला परत येशील ना? ज्यो म्हणतो, नाही. इथे वर्गात खळबळ उडाली. "जेवल्याशिवाय गेलो?" चार-पाच जणांनी एकदम विचारलं. इतकी पानं पिपने जे काही केलं, त्याला वाटलेली लाज, त्याचा चढलेला आवाज, ते सगळं त्यांनी कसंबसं सोसलं होतं. दारातून माणूस न जेवता गेला, हे मात्र त्यांना सोसेना. परीक्षेत या प्रकरणावर प्रश्न येत नाही, पण आला असता तर याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आणि मग ते वाक्य. दोघांची नजरानजर होते, ज्यो हात पुढे करतो, आणि डिकन्स लिहितो की त्या मर्द मनातलं सगळं 'सर' वितळून गेलं. मी हे वाक्य पूर्वी दोनदा शिकवलं होतं. दोन्ही वेळा त्याच्या पुढचं ज्योचं बोलणं मी तसंच 'आपण'मध्ये चालू ठेवलं होतं. वितळलं असं लेखक सांगतोय आणि माझ्या मराठीत काहीच वितळत नव्हतं.

त्या मुलीच्या वहीत मात्र तिने 'सर वितळलं' याच्या खाली रेघ मारली होती आणि पुढचं सगळं 'तू'मध्ये लिहिलं होतं. तिने उभं राहून सांगितलं, "जाताना तो परत 'तू' म्हणता." मग वाचून दाखवलं. ज्यो सांगतो की आयुष्य म्हणजे एकमेकींना सांधलेल्या ताटातुटी आहेत, कुणी लोहार असतो, कुणी सोनार, कुणी तांबट, वेगळं व्हावंच लागतं. लंडनमध्ये आपण दोघं शोभत नाही. मी या कपड्यांत चुकीचा आहे. भट्टीच्या कपड्यांत, हातात हातोडा घेतलेला असा मला आठव, मग माझ्यात एवढं वावगं दिसणार नाही तुला. हे तिच्या मालवणीत होतं आणि ती ते संथ, खाली न बघता म्हणत होती, घरी पाठ झालेलं असावं. 'सांधलेल्या' हा शब्द तिच्या गटातल्या एका मुलाने दिला होता. त्याने गावच्या लोहाराकडे कोयती सांधताना पाहिली होती. दोन्ही तुकडे लाल झाले पाहिजेत, तो म्हणाला, एक थंड असला की सांधत नाही.

मी त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही.

ज्योने पिपच्या कपाळाला हळूच हात लावला आणि तो गेला. पिप भानावर येऊन मागे धावला, आसपासच्या गल्ल्यांत त्याने शोधलं, पण ज्यो दिसला नाही. प्रकरण तिथे संपतं. घंटाही झाली. कुणी लगेच उठलं नाही. सप्टेंबर होता, गणपती होऊन आठवडा झाला होता, आणि ज्यांचे बाप त्याच आठवड्यात मुंबईला परतले होते अशी निम्मी मुलं त्या वर्गात होती.

सोमवारी ती मुलगी मधल्या सुट्टीत आली. तिने ते मालवणीतलं प्रकरण रविवारी रात्री आजीला वाचून दाखवलं होतं. आजी निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत बसली. लंडन कुठे आहे ते तिने विचारलं नाही. पिप कोण, ज्यो कोण, हे तिला लगेच कळलं. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मगे तो परत इलो काय?"

ती मुलगी म्हणाली, "मी तिका सांगलंय, बाईंक इचारतंय."

ज्यो परत येतो. सत्तावन्नाव्या प्रकरणात. पिप कर्जात बुडालेला असतो, तापाने फणफणलेला, शुद्धीत नसतो, आणि डोळे उघडतो तेव्हा उशाशी ज्यो असतो. त्याला उचलून खाली गाडीपर्यंत नेतो, भरवतो, लहानपणीसारखा सांभाळतो. मी हे तिला तेव्हाच सांगून टाकू शकले असते. सांगितलं नाही. म्हटलं, आजीला म्हणावं, शनिवारपर्यंत थांब.

शुक्रवारी संध्याकाळी नाक्यावरच्या दुकानात जाऊन मी त्या प्रकरणाच्या प्रती काढल्या, बत्तीस मुलं, आणि एक जास्तीची. शनिवारी वाटायला घेतल्या तेव्हा मी अजून पहिलं वाक्यही वाचलं नव्हतं. मुलांनी पेन्सिली काढल्या होत्या आणि पानं उलटत, ओळींवरून बोट फिरवत, ज्यो कुठे 'पिप' म्हणतो आणि कुठे 'सर' ते शोधायला सुरुवात केली होती. पिप बरा व्हायला लागतो तसं ज्योचं 'सर' पुन्हा येऊ लागतं, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. दुसऱ्या बाकावरून पहिला आवाज आला.

"बाई, हय परत 'तुमी' इला."

कुणीतरी विचारलं, कुठल्या पानावर. सगळे त्या पानावर वाकले.